चुन्याचा क्रूस

परभणी,
२३ जानेवारी १९९४

दादास सरजाचा नमस्कार.

तुझ्या पत्राच्या डोक्यावर 'प्रभू येशूची स्तुती असो' असं छापलेलं असतं. माझ्याकडे छापील कागद नाही, तेव्हा साध्या नमस्कारावर भागवून घे. स्मरणिकेचा मजकूर मिळाला. पाकीट इतकं जाड, की पोस्टमननं शाळेत येऊन विचारलं, "बाई, कोर्टाचं हाय का?" मी म्हटलं, नाही, देवाचं आहे. इकडे थंडी बरी आहे. शाळेत तपासणी येणार म्हणून हेडमास्तरांनी भिंती रंगवायला काढल्यात, पोरं अंगणात बसतात. वहिनी आणि लेकरं खुशाल असतील. चला, कुशल संपलं.

तू लिहितोस, खडकपेठच्या आपल्या चर्चच्या धर्मग्रामाला येत्या मे महिन्यात पंचवीस वर्षं होतात. बिशपसाहेब येणार, कोनशिला बसणार, स्मरणिका निघणार. धर्मग्राम मंडळाचा सचिव या नात्यानं इतिहास तू लिहिलायस. मायनं फक्त एका निवेदनावर अंगठा द्यायचा. काय, तर अठ्ठ्याहत्तर साली तिच्या दारावरचा चुन्याचा क्रूस पावसानं धुऊन गेला आणि म्हणून तेवढं एकच ख्रिस्ती घर जळालं. अंगठा आला तर चर्चमागच्या दफनभूमीत बाबांच्या शेजारची जागा तिच्यासाठी राहील. नाही आला तर 'इतकी वर्षं मिस्सेच्या प्रार्थनेला न आलेल्या व्यक्तीबाबत मंडळाला विचार करावा लागेल.' पोटच्या पोरानं आईला 'व्यक्ती' लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं. सचिव झाल्यावर माणसाची भाषा किती सुधारते.

अंगठ्याचं शेवटी सांगते. आधी तुझा इतिहास. 'काही चुका आढळल्यास निःसंकोच कळवावे' असं तूच लिहिलंस, तेव्हा आता तक्रार करायची नाही.

मायला मी तो सगळा वाचून दाखवला. ती खाटेवर पडून ऐकत होती, हातात नेहमीप्रमाणे जपमाळ. सुरुवातीलाच तू 'अज्ञानाच्या निबिड अंधारात चाचपडणाऱ्या या भूमीवर' असं म्हटलंस, तेव्हा तिनं विचारलं, "ही कुठली जागा म्हनायची?" मी म्हटलं, आपलंच खडकपेठ. ती म्हणाली, "आपल्याकडं कंदील व्हता की." मग हसली आणि खोकला आला. तुझ्या इतिहासाचा तिला झालेला एवढाच फायदा.

पहिली मिस्सा 'भव्य मंडपात' झाली असं तू लिहिलंस. मंडप कुठला रे? आपल्या अंगणात झाली ती. मायच्या लग्नातली लाकडी पेटी उलटी घातली, तिच्यावर तिचंच धुतलेलं लुगडं अंथरलं, तीच वेदी. फादर फटफटीवरून आले ते धुळीनं पांढरे झाले होते, त्यांना आंघोळीला पाणी शेजारून कुसुमकाकूनं दिलं. कुसुमकाकू बौद्ध, हे तुला माहीत आहे. वाचणाऱ्याला मात्र तुझ्या बत्तीस पानांत कळत नाही की प्रचारक सिताराम हनवते यांना तात्याराव नावाचा सख्खा धाकटा भाऊ होता. छप्पन सालानंतर तात्याकाका बुद्धाकडे गेले, बाबा येशूकडे. दोघांच्या घरांत एक मातीची भिंत होती आणि तिला निखारा मागण्यापुरतं भोक होतं. तू काकांचं नाव कुठेच येऊ दिलं नाहीस. बाबांना मात्र अर्धी ओळ दिलीस, 'स्थानिक सेवक कै. सिताराम यांचेही सहकार्य लाभले.' ज्या माणसानं उन्हातान्हात पायी फिरून आसपासच्या वाड्यावस्त्यांना प्रार्थना शिकवल्या, त्याचं सहकार्य लाभलं. मांडववाल्याचं लाभतं तसं.

घंटेचं वाचून तर मला राहवलं नाही, मी एकटीच मोठ्यानं हसले. 'घंटा एका परदेशी दानशूर कुटुंबाची देणगी.' अरे, चर्चच्या दारातल्या लिंबाला लटकतो तो रुळाचा तुकडा आहे. तात्याकाका तेव्हा रेल्वेत रोजंदारीवर होते. मुकादमाच्या हातापाया पडून त्यांनी भंगारातला तुकडा मिळवला, गंगाखेड स्टेशनावरून बैलगाडीनं आणला आणि दादाला, म्हणजे बाबांना म्हणाले, "तुमच्या देवाला आवाज नव्हता, घ्या." तू स्वतः त्या गाडीत बसून आला होतास. परदेश गंगाखेडला असतो हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचं पान घे. त्या साली बाप्तिस्मे एकदम वाढले, त्याला तू 'आत्म्याची भूक' म्हटलंस. भूक होती हे खरं. दूध पावडर आणि पिवळ्या मक्याची पोती ज्या खोलीत होती तिच्या दारात आत्म्यांची रांग लागायची, आणि तू माप घेऊन बसायचास. मी फादरांना दोष देत नाही, त्यांनी रांगेत कुणाला धर्म विचारला नाही. विचारायचास तू. तोंडात पावडर चिकटलेल्या पोरांना तू 'नमो मरिये' म्हणायला लावायचास आणि अडखळलं पोर की मापात बोट घालायचास. तेव्हापासून तुला सचिव व्हायचं होतं.

आता मुख्य पान. 'मिसर देशातील रात्र आणि खडकपेठ.' मथळा वाचूनच मी चष्मा पुसला.

तू लिहितोस, 'सन १९७८च्या दंगलीत ज्या ज्या दारावर क्रूसाची खूण होती ते ते घर देवाने राखले.' नव्या फादरांना हा चमत्कार आवडला, कोनशिलेवरही येणार. फक्त चमत्काराला एक भोक पडलंय. जळालेल्या घरांत एक घर ख्रिस्ती होतं आणि तेही प्रचारकाच्या बायकोचं. नव्या फादरांनी सहज विचारलं असणार, हे कसं काय? म्हणून तुला पाऊस पाडावा लागला.

दादा, त्या दिवशी पाऊस नव्हता. दारावरचा क्रूस धुऊन जाण्याएवढा पाऊस पडला, आणि गवताचं छप्पर पेटलं ते विझवण्याएवढा पडला नाही, असा पाऊस तू कुठे पाहिलास? चौथीच्या पोरानं हे निबंधात लिहिलं तर मी त्याला उभं करीन. तू ते दगडात कोरायला निघालास.

मी तिथं होते, हे तू विसरलास की काय? विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, जिकडे तिकडे पेटलं, आमचं अध्यापक विद्यालय बंद पडलं आणि मी पालमवरून मिळेल त्या एसटीनं घरी आले. आले तर तू चुन्याची बादली घेऊन दारोदार फिरतोयस.

ते चुन्याचे क्रूस बाबांचे. दर जानेवारीत तीन राजांच्या सणाला बाबा प्रत्येक ख्रिस्ती दारावर क्रूस काढायचे, खालचा पाय लांब, आणि काढताना घरातल्या एकेकाचं नाव घेऊन बरं मागायचे. पावसाळ्यापर्यंत तो पुसट व्हायचा, कुणी पुन्हा गिरवायचं नाही. उरलेला चुना बाबा कुसुमकाकूला द्यायचे, ती त्यानं चुलीमागची भिंत पांढरी करायची. बाबा वारून दोन वर्षं झाली होती. आणि त्यांचा मुलगा भर आषाढात, कुठलाही सण नसताना, कुणाचंही नाव न घेता भराभर क्रूस ओढत चालला होता.

कुसुमकाकू दारात उभी होती. तात्याकाका कामावर लांब, तीन लेकरं पदराला. ती म्हणाली, "सूर्यभाना, आमच्या बी दारावर एक काढ की रे. लेकरांपुरता. मालक आल्यावर म्या बघते काय सांगायचं ते." माझ्या डोळ्यांसमोर तिनं तुला हात जोडले. ज्या हातांनी तुला अंगाखांद्यावर खेळवलं ते हात. तू काय बोललास ते इतिहासात नाही, म्हणून इथं लिहिते. तू म्हणालास, "काकू, बाप्तिस्मा नसलेल्या घरावर पवित्र खूण काढता येत न्हाई. फादरची परवानगी लागते." फादर औरंगाबादला गेले होते. परवानगी द्यायला गावात कुणीच नव्हतं, हे तुला किती बरं पडलं.

तेही एक वेळ मी मूर्खपणात घातलं असतं. पवित्र-अपवित्राचा तुझा हिशेब लहानपणापासूनच असा. पण मग तू घरात आलास, लोटाभर पाणी प्यालास आणि मिशीवरून हात फिरवून मायला सांगितलंस, "आता भ्यायचं कारन न्हाई. किशनराव पाटलाला सांगून आलोय मी. म्हनलं, मालक, क्रूस दिसंल ते घर आमचं. आमचा त्या नावाशी काय संबंध न्हाई. बाकीचं तुमी बघा."

बाकीचं तुमी बघा! दादा, हे वाक्य तुझ्या बत्तीस पानांत कुठे बसतं ते मला दाखव. मिसर देशात दारावरची ती रक्ताची खूण देवाच्या दूतासाठी होती, त्यानं ते घर टाळून पुढं जावं म्हणून. तू पाटलाच्या माणसांसाठी केलीस. अंधारातसुद्धा चुकू नये अशी पांढरी, ठळक. ज्यांच्या दारावर खूण नाही त्यांच्यासाठी वेगळी खूण करायची गरजच उरली नाही. तुझ्याएवढं चोख काम त्यांच्यातल्याही कुणी केलं नसतं.

तू गेल्यावर माय उठली, शेणाचा गोळा कालवला आणि आपल्या दारावरचा क्रूस सारवून टाकला. पांढरं वर येतंय असं दिसलं तेव्हा पुन्हा एक हात दिला. मी घाबरून म्हटलं, "माय, काय करायलीस?" ती म्हणाली, "भिंत एकच हाय ना? मंग दार बी एकसारखंच असू दे." मग हात धुतले आणि जपमाळ गळ्यात घातली. लोकांना वाटतं तिनं त्या दिवशी धर्म सोडला. मी सांगते, अख्ख्या खडकपेठेत त्या दिवशी ती एकटीच ख्रिस्ती होती.

दिवस मावळायच्या आत ते आले. मायनं ज्यांच्या रानात जन्मभर खुरपलं तीच माणसं, रॉकेलचे डबे घेऊन. आम्ही सगळे चर्चकडे पळालो. मी, माय, काकू, तिची तीन लेकरं, त्यातलं धाकटं मायच्या कडेवर. तू फाटकात उभा होतास. फाटक थोडंसं उघडून तू ओरडलास, "माय, तू ये! सरजे, तू ये!"

दोनच नावं घेतलीस.

मायनं तुझ्याकडे पाहिलं. कडेवरचं पोर सावरलं आणि वळली. आम्ही ओढ्यात जाऊन बाभळींत बसलो. तिथून धूर दिसत होता आणि काकूच्या शेळ्या ओरडलेल्या ऐकू येत होत्या, त्या दाव्याला बांधलेल्या राहिल्या होत्या. त्याच वेळी रुळाचा तुकडाही वाजत होता. तू वाजवत होतास ना? देवाला बोलवायला. तात्याकाकांचं घर जळत असताना तात्याकाकांनी आणलेली घंटा.

त्यानंतर काका सगळ्यांना घेऊन चुडाव्याला गेले, गँगमन म्हणून कायम झाले, काकूच्या माहेराजवळ थोडं रान घेतलं. माय माझ्याकडे आली. ती पुन्हा खडकपेठला गेली नाही. पण रोज संध्याकाळी जपमाळ ओढायची आणि त्यात तुझं नाव घ्यायची, हे मी तुला आजवर कळवलं नव्हतं. मला ते आवडायचं नाही. मी तिला म्हणायचे, कशाला त्याच्यासाठी मागतेस? ती म्हणायची, "त्याला कुनी तरी मागायला नगं का?"

आता अंगठ्याचं.

तुझं निवेदन मी तिला दोनदा वाचून दाखवलं. बाबांच्या शेजारच्या जागेची अटही सांगितली. मी तिच्यावर सोडलं, कारण ती जागा तिला किती हवी होती हे मला माहीत होतं. बाबांना पुरलं त्या दिवशी तिनं शेजारी आपल्या हातानं लिंबाची काडी खोचली होती, आपली जागा म्हणून. त्या काडीचं झाड झालं असं मी ऐकते. मला वाटलं, देईल अंगठा. खरं सांगते, द्यावा असंही मला क्षणभर वाटलं. म्हातारीला शेवटी नवऱ्याजवळ झोपू दे, तुझ्या कोनशिलेचं काय व्हायचं ते होवो.

मग ती म्हणाली, "सूर्यभानाला लिही, पानी पडलं न्हवतं. म्या पुसलं. शेनानं पुसलं." मी विचारलं, आणि जागा? ती म्हणाली, "तुझ्या बाबाला वर गेल्यावर म्या सांगन, शेजाराला का आली न्हाई ते. त्यो रागावनार न्हाई."

संक्रांतीला रेडिओवर बातमी आली, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी तात्याकाका आणि काकू पेढे घेऊन चुडाव्याहून आले. काका आता म्हातारे झालेत, पण त्या दिवशी दारातूनच ओरडले, "वैनी, लागलं बरं का नाव!" मायनं पेढा कुसकरून जिभेवर ठेवला आणि काकूला म्हणाली, "कुसुम, तुझ्या शेळ्यांचं दूध लय गोड व्हतं." दोघी रडल्या. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

त्या रात्री काका-काकू राहिले. पहाटे काकूनं मला हाक मारली, तेव्हा मायचा हात तिच्या हातात होता आणि थंड होता.

होय दादा. हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा हात तुझ्या घंटेकडे आणि मंडपाकडे वळला. तुझी टर उडवताना मला रडू येत नाही.

तुला तार केली नाही. बिशपसाहेबांच्या स्वागताच्या गडबडीत एका व्यक्तीसाठी मंडळाची बैठक कुठे बोलावणार?

आम्ही तिला चुडाव्याला नेलं. काकांच्या रानाच्या बांधाला, जिथून रेल्वे दिसते तिथं पुरलं. फादर कुणी नव्हते. प्रार्थना मीच म्हटल्या, बाबांनी शिकवलेल्या, मधे चुकले तिथे काकूनं सांगितलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून तिला पाठ होत्या. जपमाळ मायच्या हातात तशीच ठेवली.

माती सारखी झाल्यावर काकांनी डोक्याशी एक मोठा चपटा दगड बसवला. सकाळीच चुना भिजवून ठेवला होता त्यांनी, मला माहीतही नव्हतं. बादली जवळ ओढली, कुंचा बुडवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "सरजे, याला कुनाची परवानगी लागती का ग?"

मी तुझी शपथ घेऊन सांगते, त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणे मारायचं काम मी करते. त्यांना खरंच माहीत नव्हतं, लागते की नाही ते. तुमच्या धर्माचं काही बिघडू नये म्हणून विचारत होते. पंधरा वर्षं त्या माणसानं हा प्रश्न जपून ठेवला होता.

मी म्हटलं, "न्हाई काका. कुनाचीच लागत न्हाई."

मग त्यांनी क्रूस काढला. अगदी बाबा काढायचे तसा, खालचा पाय लांब. आणि काढताना तिचं नाव घेतलं, मालनबाई सिताराम हनवते, मग काकूचं, लेकरांचं, माझं. सगळ्यांत शेवटी त्यांनी तुझं घेतलं. तिथं मला बोलायचा अधिकार नव्हता.

स्मरणिकेचा मजकूर सोबत परत पाठवते आहे, निवेदनही. अंगठ्याची जागा कोरी आहे. बाबांचा फोटो तू मागितला होतास, तो देत नाही. त्यांचं सहकार्य यापुढे लाभणार नाही.

फाटकात तू जी दोन नावं घेतलीस, त्यांतलं उरलेलं एक,

सरजा